खालचा गुंता, सुटलेले टाके: मशीनवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 43. सासूबाईंची काळी पायमशीन घरात बरीच वर्षं पडून होती, तिला मोटर बसवून घेतली आणि शिवण शिकायला सुरुवात केली. आता शिवायला घेतलं की कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, मध्येच टाके सुटतात, सुया मोडतात. कुणीतरी सांगितलं की टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बिघडलंय, म्हणून त्यांनी हाताला येईल तो स्क्रू फिरवून पाहिला. आता तर धड टीपच पडत नाही. मशीन विकून नवी घ्यावी, की या वयात आपला हात बसणारच नाही असं धरून चालावं, असं त्या विचारतात.

ताई, मी पूर्व भागात बरीच वर्षं शिवणक्लास घेते आणि क्लासच्या मशिनी स्वतःच उघडते. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या खोडी एकाच मशीनमध्ये एकदम आल्या असतील तर मशीन बिघडली असण्याची शक्यता कमी आहे. वयाचं म्हणाल, तर चाळिशीत शिकायला येणाऱ्या बायका मापं आणि बेतणं तरुण मुलींपेक्षा लवकर उचलतात हे मी रोज बघते. त्या अडतात दुसरीकडेच. टीप बिघडली की त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मग विचारायची लाज वाटते, आणि घाईघाईने स्क्रूला हात जातो. विशीतली मुलगी सरळ सुई काढते, दुसरी लावते आणि पुढे चालू पडते. तुम्हीही तेवढंच करायचंय.

बघायचा क्रम पक्का ठेवा. आधी सुई, मग वरचा दोरा, मग बॉबीन (खालचा दोरा गुंडाळलेली छोटी चकरी), मग साचलेली रुई, मग तेल. स्क्रू अगदी शेवटी. कारण साधं आहे. सुई झिजते, दोरा निसटतो, रुई रोज साचते, पण स्क्रू सहसा आपणहून फिरत नाही. काल मशीन चांगली शिवत होती आणि आज शिवत नाही, तर या मधल्या काळात बदललं काय ते आधी शोधायचं.

आता गुंत्याबद्दल. यावर जरा सविस्तर सांगते, कारण नवख्या माणसाला सर्वात जास्त हाच रडवतो. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबीनवर संशय घेतात. कारण मात्र बहुतेक वेळा वर असतं. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते, तिथे शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या भागाचं, टोक त्या दोऱ्याचा फास पकडतं आणि बॉबीन ज्या डबीत बसते त्या केसभोवती फिरवून आणतं. मग मशीनच्या तोंडाशी वर-खाली होणारी ती कडी जास्तीचा दोरा वर ओढून घेते आणि टाका आवळला जातो. वरच्या दोऱ्याला ताणच नसेल तर कडीने ओढल्यावर रिळातून नवा दोरा सरकत येतो आणि खालचा फास सैलच राहतो. असे सैल फास एकावर एक साठले की तुमचा गुंता तयार.

हा ताण दोन गोल चकत्यांमध्ये असतो. चकत्या एकमेकींना चिकटून असतात, मागून स्प्रिंग दाबते, आणि दोरा त्यांच्या मधून गेला पाहिजे. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचललं की त्या किंचित उघडतात, खाली सोडलं की मिटतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या कडेवरच बसतो, आत जातच नाही. बाहेरून पाहिलं तर सगळं बरोबर ओवल्यासारखं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा दोरा ओवताना फूट नेहमी वर ठेवा. सुईत घालण्याआधी दोरा हलकेच ओढून बघा, सहज आला पाहिजे. मग फूट खाली सोडा आणि पुन्हा ओढा. आता तो अडला पाहिजे, बोटाला करकरीत लागला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर पुन्हा ओवा. तरीही फरक पडत नसेल तर चकत्यांमध्ये काहीतरी अडकलंय. बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा गंज हमखास सापडतो. फूट वर करून सुती कापडाची बारीक पट्टी चकत्यांमधून दोन-चार वेळा मागे-पुढे ओढली की बहुतेक घाण निघते. चकत्यांजवळ एक बारीक तारेची स्प्रिंग असते, दोरा तिच्यातही अडकवायला विसरू नका.

गुंता फक्त शिवणीच्या सुरुवातीलाच होत असेल तर दोष मशीनचा नसतोच. सुरू करताना वरचा आणि खालचा, दोन्ही दोऱ्यांची टोकं फुटाच्या मागे नेऊन पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत धरून ठेवा. थांबताना ती कडी अगदी वर आणून थांबा, नाहीतर पुढच्या वेळी पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निसटतो. आणि जाड कापडावर एक गंमत होते. टॉवेलची घडी घातली की फूट तिच्यावर टेकल्यासारखं दिसतं, पण फूट उचलायचा मागचा दांडा वरच राहिलेला असतो. दांडा खाली नाही म्हणजे चकत्या उघड्या, म्हणजे पुन्हा गुंता. शिवायच्या आधी मागे हात घालून दांडा चाचपायची सवय लावून घ्या.

सुईकडे येऊ. टाके सुटत असतील तर मी दुसरं काहीही न बघता आधी सुई बदलते, मग ती डोळ्यांना कितीही चांगली दिसो. टोक किंचित वाकलेलं असलं तरी शटलला फास पकडता येत नाही. सपाट काचेवर सुईची चपटी बाजू ठेवून आडवं बघितलं तर वाक लगेच कळतो. सात-आठ तास शिवून झालं की सुई बदलायचीच, असं धरून चाला. सुई कापडाच्या मानाने फार स्वस्त आहे.

सोलापुरात सुई घेताना एक काळजी घ्यायची. आपल्याकडे युनिफॉर्म शिवणारे कारखाने भरपूर, त्यामुळे नुसतं ‘मशीनची सुई द्या’ म्हटलं की दुकानदार कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची सुई हातावर ठेवू शकतो. घरच्या मशीनला बहुधा चपट्या दांड्याची सुई लागते. गोल दांड्याची सुई घरच्या मशीनमध्ये बसल्यासारखी वाटली तरी ती नीट दिशेने बसत नाही, आणि टाके सुटणं थांबत नाही. जुनी सुई सोबत न्या आणि शेजारी ठेवून बघूनच घ्या. बॉबीनचंही तसंच. जुनी बॉबीन दाखवून नवी घ्या. थोडी लहान-मोठी बॉबीनसुद्धा केसमध्ये अडखळते.

सुई बसवताना दोन गोष्टी बघा. ती वरपर्यंत, थांबेल तिथपर्यंत गेली पाहिजे. नुसती अडकवून स्क्रू आवळला तर सुई खाली लोंबते, टाके सुटतात आणि कधीतरी ती केसवर आदळून मोडते. दुसरी गोष्ट दिशा. सुई नीट निरखली तर एका बाजूला उभी लांब खाच दिसेल. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने नेढ्यात जातो, चपटी बाजू त्याच्या विरुद्ध असते. सुईच्या अगदी वर जी शेवटची छोटी कडी आहे, ती ज्या बाजूला, खाच त्या बाजूला. नवीन झिगझॅग मशिनींत दोरा समोरून ओवतात, जुन्या काळ्या मशिनींत बाजूने. म्हणून मैत्रिणीची नवी मशीन बघून आपल्या जुन्या मशीनची सुई बसवू नका.

नंबराचं सांगायचं तर अस्तर, पातळ मलमल यांना 11, ब्लाउजपीस आणि युनिफॉर्मचं टेरीकॉट यांना 14, जाड सुती किंवा पडद्याच्या कापडाला 16, आणि चादर किंवा टॉवेलची दुमडलेली कड असेल तर 18. टी-शर्टसारखं ताणलं जाणारं कापड साध्या सुईने टाके सोडतं, त्याला होजिअरीची, म्हणजे बोथट गोल टोकाची सुई मागा. आपल्याकडे घरोघरी जुन्या चादरी असतात, म्हणून सरावाला चादरच हाताशी येते. माझं सांगणं आहे, तसं करू नका. चादरीची दुमड नवख्या हाताला आणि बारीक सुईला झेपत नाही, आणि उगाच मन खट्टू होतं. सुरुवातीचे महिना-दोन महिने मध्यम जाडीच्या सुती कापडावरच शिवा.

सुया मोडतात, त्यामागे एक सवय असण्याची शक्यता फार. कापड पुढे जात नाही असं वाटून आपण ते मागून ओढतो. ओढलं की सुई वाकते आणि फुटाखालच्या प्लेटच्या भोकात न जाता लोखंडावर आपटते. कापड सरकवणं हे प्लेटमधल्या दात्यांचं काम. आपल्या हातांनी फक्त दिशा द्यायची. दुसरं कारण म्हणजे बॉबीन केस नीट न बसणं. केस आत ढकलल्यावर ‘टक्’ असा आवाज आलाच पाहिजे. आवाज आला नाही तर काढून पुन्हा बसवा. आणि प्रत्येक वेळी मोटरचं पेडल दाबण्याआधी चाक हाताने आपल्याकडे एक-दोन फेरे फिरवून बघा. सुई कुठे अडत असेल तर हाताला कळतं, पायाला कळत नाही. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधून काढा. टोक शटलमध्ये राहिलं तर पुढची सुईही मोडेल.

आता रुई. टॉवेल शिवणाऱ्यांच्या मशिनीत ती सगळ्यांत जास्त साचते, पण सुती कापडावर शिवणाऱ्या प्रत्येकाच्या मशिनीत असतेच. आधी मोटरचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. सुई वर आणा, सरकणारी पट्टी उघडा, बॉबीन केस काढा. आत शटल धरून ठेवणारी गोल कडी दिसेल. काही मशिनींत ती दोन खिट्ट्यांवर असते, काहींत स्क्रूवर. सोडवण्याआधी मोबाइलने फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडत जा. चंद्रकोरीसारखं शटल बाहेर आलं की ज्या गोल खोबणीत ते फिरतं तिथे बघा. तेल आणि रुई दाबून दाबून नमद्यासारखा थर झालेला असतो, आणि त्यात दोऱ्याचं एखादं टोक घट्ट चेपून बसलेलं असतं. मशीन जड चालते ती पुष्कळदा एवढ्याशा टोकामुळे. लाकडी टूथपिक आणि जुना ब्रश वापरा. टोकदार लोखंडाने खरवडू नका, चरा पडला तर दोरा तिथे कायमचा अडकत राहील. तोंडाने फुंकरही मारू नका, रुई आणखी आत जाते. प्लेटचे दोन स्क्रू काढून दात्यांच्या फटीही साफ करा. कापड पुढे सरकत नसेल तर बहुतेक वेळा दात्यांमध्ये भरलेली रुईच आडवी येते. तसं नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आली आहे का तेवढं बघा.

साफसफाईनंतर शटलच्या खोबणीत तेलाचा एक थेंब आणि मशीनवर जिथे जिथे तेलाची भोकं आहेत तिथे एक-एक थेंब. तेल शिलाई मशीनचंच हवं, पाण्यासारखं पातळ. घरात असतं म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घालणारे खूप आहेत, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशिनीत कधी काय घातलंय ते सांगता येत नाही. खोबरेल 24-25 अंशांखाली थिजू लागतं, म्हणजे आपल्या थंडीतल्या सकाळी मशीन हलायलाच तयार नसते. गोडेतेल सुकून चिकट होतं आणि उन्हाळ्यातली धूळ त्यावर बसते. असं तेल आत असेल तर नवं तेल वर ओतून उपयोग नाही. जुन्या भोकांत रॉकेलचे थेंब सोडा, हाताने चाक फिरवत राहा, काळं पाणी निघेल ते पुसून काढा आणि मग मशीनचं तेल घाला. हे काम मोटर बाजूला काढून, उघड्या खिडकीशी, गॅस आणि उदबत्तीपासून लांब करायचं. तेल घातल्यावर चिंध्यांवर बराच वेळ शिवा, नाहीतर चांगल्या कापडावर डाग पडतील.

मशीन जड आहे पण आत स्वच्छ आहे, असं असेल तर बॉबीन भरायचं छोटं चाक मोठ्या चाकाला चिकटून राहिलंय का बघा. मोटरचा पट्टाही फार ताणलेला नको. मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण 1 सेंटीमीटर आत जावा. याच्या उलट, चाक फिरतंय पण सुई हलत नाही, तर बॉबीन भरताना चाकाच्या मधली गोल चकली सैल केली होती ती आवळायची राहिली आहे. हे बघून पुष्कळ जणी घाबरतात. चकली आवळली की झालं.

आता तुम्ही फिरवलेले स्क्रू. घाबरू नका, सगळं जागेवर आणता येतं, फक्त खालून वर यायचं. दोरा भरलेली बॉबीन केसमध्ये घाला आणि दोऱ्याला धरून केस अधांतरी लोंबू द्या. आपोआप सरसर खाली आली तर सैल आहे. हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर बरोबर. झटका देऊनही जागची हलली नाही तर घट्ट. केसच्या बाजूच्या इवल्याशा स्क्रूला एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि हे काम ताटात धरून करा. तो स्क्रू फरशीवर पडला तर सापडत नाही.

खालचं जमलं की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. आता वर लाल आणि खाली पांढरा, पण एकाच जातीचा आणि जाडीचा दोरा लावा. कापडाची दुहेरी घडी करून वीतभर टीप मारा. खालच्या बाजूला लाल दोरा डोकावत असेल किंवा झोल दिसत असेल तर वरच्या दोऱ्याच्या ताणाची, त्या दोन चकत्यांसमोरची चकली थोडी आवळा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर ती सैल करा. गाठ दोन थरांच्या मध्ये लपली की दोन्हीकडून आपापला रंग दिसतो. ही परीक्षा एकेरी पातळ कापडावर घेऊ नका, तिथे गाठ लपायला जागाच नसते. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचात साधारण 10 टाके, एवढी ठेवा. मशीनच्या डोक्यावरचा फुटाचा दाब फिरवला असेल तर कापडावर दात्यांचे वळ उमटू नयेत आणि कापड डुलूही नये, इतपत ठेवा.

दोरा सारखा तुटत असेल तर आधी रीळ बदलून बघा. सासूबाईंच्या डब्यातली सुती रिळं जपून ठेवा, पण मशीनला लावू नका. जुना सुती दोरा वाळून कमकुवत झालेला असतो, हातात हलका झटका दिला तरी तुटतो. चांगल्या पॉलिएस्टर दोऱ्याचं नवं रीळ लावूनही तुटत असेल तर नेढं, प्लेटचं भोक आणि शटलचं टोक यांवरून बोटाने हलकेच चाचपा. मोडलेल्या सुयांनी तिथे ओरखडे केलेले असू शकतात.

चाळिशीनंतर दोरा ओवणं हीच अनेकींची खरी कटकट असते, पण लाजेने कुणी बोलत नाही. वाचायचा चष्मा मशीनजवळच ठेवा. नेढ्यामागे पांढरा कागद धरा, दोरा दाताने न तोडता धारदार कात्रीने तिरका कापा, आणि दिवा डोक्यावर न ठेवता सुईच्या बाजूला आणा. वरचा दोरा चुकीचा ओवला जाण्यामागे कमी उजेड हे मोठं कारण आहे. पायाच्या सरावासाठी रेघी वहीचा कागद घ्या आणि दोरा न घालता रेघेवरून सुई चालवा. रेघेच्या टोकाशी नेमकं थांबता आलं की पेडल तुमच्या ताब्यात आलं. यासाठी जुनी सुई वापरा, कागदावर सुई बोथट होते.

एवढं सगळं करूनही, नवी योग्य सुई असताना टाके सुटतच राहिले, तर शटलचं टायमिंग हललेलं असू शकतं. सुई सगळ्यात खाली जाऊन 2 ते 2.5 मिलिमीटर वर येते त्या क्षणी शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वर, सुईला जेमतेम न घासता पोचलं पाहिजे. ते मिस्त्रीचं काम, तुम्ही हात घालू नका. मोटरमधून जळका वास येत असेल किंवा पेडल खूप तापत असेल, तरीही प्लग काढून सरळ मिस्त्रीकडे.

मशीन विकू नका. बिडाची ही जुनी मशीन सरळ टीप इतकी घट्ट आणि नेमकी मारते की ब्लाउज, परकर, पिशव्या, मुलांचे कपडे या सगळ्याला पुरून उरेल. तिला झिगझॅग येत नाही, हे खरं. पिको आणि इंटरलॉक सध्या बाहेरून करून घ्या. मिस्त्रीला बोलवायची वेळ आलीच तर ‘मशीन नीट चालत नाही’ एवढंच सांगू नका. बिघडलेली टीप असलेला कापडाचा तुकडा, लावलेली सुई आणि वापरलेला दोरा तसाच ठेवा आणि त्याला दाखवा. कोणते स्क्रू फिरवले होते तेही सांगा, म्हणजे न लागणारे भाग बदलायची पाळी येणार नाही.